किलोमीटर एकशेएकवीसवरची पिवळी पाटी

काशीनाथ धोडी पंचवीस वर्षं एकाच सहा किलोमीटरच्या रुळावरून चालला. त्या सहा किलोमीटरांत आजूबाजूला काय दिसतं असं विचारलं, तर त्याला सांगता येत नसे. पायाखाली काय आहे असं विचारलं, तर तो थांबत नसे. खडी कुठे जुनी आहे, कुठे मागच्या उन्हाळ्यात टाकलेली आहे, कुठल्या स्लीपरला केसाएवढा तडा आहे पण तो वाढत नाही, पावसाळ्यात खेकडे भरावात कुठे बिळं करतात, हे सगळं तो विजेच्या खांबांच्या नंबरांवरून सांगायचा. त्याची स्वतःची आठवणसुद्धा त्या नंबरांवर टांगलेली होती. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा तो कुठे होता हे सांगताना तो गावाचं नाव घेत नसे. एकशेएकोणीस, सातवा खांब, एवढंच म्हणे.

रेल्वेच्या कागदावर त्याचा हुद्दा की-मॅन. डहाणूत अशा माणसाला चावीवाला म्हणतात. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारे जे लोखंडाचे जाड चिमटे असतात, त्यांना जुनी माणसं अजून चाव्याच म्हणतात. त्या रोज बघायच्या, सैल झालेली ठोकून बसवायची, हे त्याचं काम. सकाळी सहाला सरावलीतलं घर सोडायचं. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत पाना, दोन-चार जादा चाव्या, लाल झेंडा, आणि गाडी अचानक थांबवायची वेळ आली तर रुळावर लावायचे फटाके. वाणगावच्या दिशेला एका रुळाने जायचं आणि दुसऱ्याने परत यायचं. मान खाली. मान वर केली की काम सुटतं, असं पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या मुकादमाने त्याला सांगितलं होतं. मुकादम मरून गेला, काशीनाथची मान खालीच राहिली.

तो मूळचा तलासरीच्या आतल्या बाजूचा, उधव्याजवळच्या एका पाड्यावरचा. तिथे गाडीचा आवाजसुद्धा पोहोचत नाही. सोळाव्या वर्षी चिकूच्या वाडीत कामाला म्हणून तो डहाणूला आला आणि त्याने पहिल्यांदा रेल्वे पाहिली. बरोबरची मुलं गाडीकडे बघत राहिली. काशीनाथला नवल वाटलं ते रुळाचं. एवढं ओझं वरून गेलं आणि रूळ होता तिथेच, तसाच. पुढे तो रोजंदारीवर खडी टाकायला लागला, मग रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये कायम झाला, आणि पस्तिशीत चावीवाला.

गँगमध्ये असतानाच एकदा किलोमीटर एकशेएकवीसला काम निघालं होतं. तिथे रुळाला लागून एक तळं आहे आणि तळ्याच्या पलीकडे पंचवीस-तीस घरांचा तळेपाडा. दुपारी माणसं पाणी मागायला पाड्यावर गेली. ज्या मुलीने तांब्या दिला ती जयमाला.

"तांब्या परत देतानापण खालीच बघत होता," जयमाला अजून सांगते. "मला वाटलं, याचं काय तरी पडलंय."

२०१६च्या पावसाळ्यात त्याच तळ्याकाठी रुळाखालचा भराव खचला. फार नाही, दोन बोटं. पण रुळाला दोन बोटं फार होतात. ते पहिल्यांदा काशीनाथने पाहिलं. लाल झेंडा धरून त्याने मालगाडी थांबवली, फोन केला, आणि साहेब येईपर्यंत तिथेच उभा राहिला. त्या दिवसापासून तिथे पिवळी पाटी लागली. पाटीवर तीसचा आकडा. प्रत्येक चालकाच्या हातात सूचनेचा कागद द्यायचा, आणि गाडी कुठलीही असो, तळ्याच्या अलीकडून पलीकडपर्यंत ताशी तीसच्या वर जायची नाही. रेल्वेची माणसं याला कॉशन म्हणतात.

दिवसाला शंभरावर गाड्या त्या पाटीपाशी मंदावायच्या. खाली वाकून चाव्या बघणाऱ्या काशीनाथला चाकांचा तो ओढलेला आवाज ऐकू यायचा आणि अंगावर गळू असावं तसं वाटायचं. गँगमधला चिमण थट्टा करायचा.

"धोडीमामा, सगळीकडं गाडी धावते. तुमच्याकडं आली की लंगडते."

काशीनाथ पुढची चावी ठोकायला लागे. रेल्वेने भरावात दगड भरला, तळ्याचं पाणी रुळाखाली मुरू नये म्हणून चर खणला, सिमेंटची भिंत घातली. पुढच्या पावसाळ्यात भराव पुन्हा अर्धं बोट खाली बसला. पाटी तशीच राहिली.

२०१७च्या डिसेंबरात शितल नावाची मुलगी सरावलीत त्याचं घर विचारत आली. वय सव्वीस-सत्तावीस, पाठीला पिशवी, हातात वही. मोजणीवाली असेल म्हणून शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या वर्षांत नव्या रुळांसाठी जमिनी घ्यायचं चाललं होतं, त्यामुळे डहाणूत कुणी वही घेऊन आलं की जमिनीचं काहीतरी असणार, असंच लोक धरून चालत. पण तिच्याकडे टेप नव्हती. गळ्यात नुसतं एक घड्याळ होतं, धावण्याच्या शर्यतीत असतं तसं.

"काका, मी मुंबईहून आले. एका कंपनीचं काम आहे," ती म्हणाली. "खासगी पैशातून पर्यटकांसाठी गाडी काढायचं चाललंय. डबे आमचे, रूळ आणि इंजिन रेल्वेचं. अजून मंजुरी वगैरे काही नाही, आराखडाच करतोय."

काशीनाथने तिला खाट दाखवली आणि स्वतः ओट्यावर बसला.

गाडी शनिवार-रविवार मुंबईहून निघणार होती. डब्यांना छतापर्यंत काचा. डहाणूला उतरून लोक समुद्र बघणार, बसने तलासरीकडचे पाडे बघणार, संध्याकाळी परत. अडचण एकच होती. लोक पैसे देणार ते खिडकीसाठी, आणि खिडकीतून धड काही दिसत नव्हतं.

"गाडी शंभरने जाते. झाड म्हणेपर्यंत झाड गेलेलं असतं," शितल म्हणाली. "मी अकरा फेऱ्या मारल्या, घड्याळ लावून. वैतरणेच्या पुढे फक्त एका जागी गाडी हळू होते. एक मिनिट पन्नास सेकंद. आणि नेमकं तिथेच ते तळं. इतकी सुंदर जागा आहे ती. स्टेशनात विचारलं तर म्हणाले, एकशेएकवीसचं काही विचारायचं असेल तर धोडींना विचारा." तिने वही उघडली. "तिथे कुठल्या महिन्यात काय दिसतं, काका?"

काशीनाथने बराच विचार केला.

"खाली काळी माती हाय," तो म्हणाला. "चिकट. पाणी सोडत नाय."

आतून हसण्याचा आवाज आला. जयमाला हात पुसत बाहेर आली.

"त्याला नको विचारू गं. त्याला फक्त लोखंड दिसतं. माहेर माझं आहे ते. लिही."

मग तासभर जयमाला सांगत होती आणि शितल लिहीत होती. पावसाळा सरता सरता पोयणी फुलतात, पांढऱ्या, सबंध पाणी झाकून टाकतात. सकाळी उघड्या असतात, अकराच्या आत मिटतात, म्हणून गाडी त्याआधी यायला हवी. थंडीत लांब पायांचे पक्षी येतात, ते म्हशींना भितात पण गाडीला नाही. माघात खजुरीच्या झाडांना नीरेसाठी मडकी लागतात. चैत्रात पाणी आटलं की बायका टोपल्या घेऊन चिखलात मासे धरायला उतरतात. आणि पाण्याच्या वर, मागे, आभाळ साफ असेल तर महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका.

"सुळका तिथून दिसतो?" काशीनाथने विचारलं.

जयमालाने शितलकडे बघितलं. "बघ. एवढी वर्षं."

गाडी तिथे का हळू होते, हे शितलने विचारलं नाही. पिवळी पाटी सगळ्यांनाच दिसते, तर तिलाही माहीत असणार, असं धरून काशीनाथने सांगितलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो कामावर असताना एकशेएकवीसच्या चौदाव्या खांबापाशी थांबला. मान वर केली. सुळका होता. निळसर, एकटा, कुणी बोट वर करून ठेवावं तसा. तो बघत बघत पुढे चालला आणि एकदम लक्षात आलं की मधल्या अकरा स्लीपरांवर आपली नजर गेलीच नाही. तो मागे फिरला, अकरा मोजले, आणि तिथून पुन्हा मान खाली घालून निघाला.

तळेपाड्यावर मात्र सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. शितल तीन-चारदा येऊन गेली. गाडीचं नाव पाड्याने स्वतःच ठेवलं, काचगाडी. जयमालाचा धाकटा भाऊ हाल्या याच्या डोक्यात ते सगळ्यात खोल शिरलं. हाल्या पन्नाशीला आलेला, भाताची थोडी जमीन, बाकी वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या वाडीत मजुरी. त्याचे दोन्ही मुलगे बोईसरला कारखान्यात जात, पहाटे जाऊन अंधारात येत. काचगाडीतली माणसं आधी खिडकीतून तळं बघणार आणि मग डहाणूला उतरून बसने तळ्यावर येणार, असं शितलने सांगितलं होतं. खिडकीतून बघितलं तरच उतरून येतील, हेही सांगितलं होतं. हाल्याने पाड्यातल्या माणसांना गोळा केलं आणि तळ्यातली सगळी जलपर्णी काढली. महिनाभर माणसं कमरेपर्यंत पाण्यात होती. काठावर त्यांनी खजुरीच्या झावळ्यांचा लांब मांडव घातला. ताडगोळे, नीरा, भाजलेल्या शेंगा, नाचणीची भाकरी, कोण काय करणार ते ठरलं. रुळाकडच्या भिंती बायकांनी नव्याने सारवल्या.

"पण लोकं बघणार तेवा आपण काय करायचं?" म्हातारी बुधीबाई विचारायची. "बसायचं का उभं राहायचं?"

"तुझं चाललंय तेच करायचं, आजे," हाल्या म्हणायचा.

"माझं काय चाललंय? मी तं दात कोरत बसतंय."

"मंग तेच. तेपण बघतील."

"आणि मी त्यांना बघेन. फुकट," बुधीबाई म्हणायची, आणि सगळे हसायचे.

२०१८च्या पावसाळ्याआधी शितलने छापलेला कागद आणला. आराखड्यातलं एक पान. वर तळ्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं: 'पोयणीचं तळं. इथे गाडी आपली चाल मंद करते.' हाल्याने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मांडवाच्या खांबाला बांधला. काशीनाथने ती ओळ दोनदा वाचली. गाडी आपली चाल मंद करते. जणू गाडीच्या मनात आलं म्हणून.

त्या वर्षीचा पाऊस जोरात झाला आणि लवकर सरला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रुळाचे नवे साहेब काशीनाथच्या हद्दीत आले. तिशीतला माणूस, उन्हाने लाल झालेला. चौदाव्या खांबापाशी त्यांनी भरावावरून खाली-वर दोन फेऱ्या मारल्या.

"धोडी, रूळ तपासायचं मशीन दोनदा फिरवलंय. रीडिंग ठीक आहे," ते म्हणाले. "पण मशीन महिन्यातून एकदा जातं, तुम्ही रोज जाता. या पावसात बसला का भराव?"

काशीनाथने खांद्यावरचा हातोडा खाली टेकवला.

"तुम्ही म्हणालात बसत नाही, तर मी लगेच वर लिहितो आणि पाटी काढतो. शंका असेल तर तसं सांगा. आणखी एक पावसाळा राहू दे पाटी, माझं काही म्हणणं नाही. तुमचा शब्द चालेल."

"आठ दिवस द्या, साहेब."

"घ्या की."

साहेबांना वाटलं, जुना माणूस आहे, खात्री करून घेतोय. काशीनाथला स्वतःलाही तेच वाटलं असतं तर बरं झालं असतं.

ही गोष्ट तळेपाड्यावर कशी पोहोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाल्या सरावलीला आला. काशीनाथने तंबाखूची डबी पुढे केली, हाल्याने चिमूट घेतली, मळली, आणि लगेच मुद्द्याला आला.

"भावजी, बसतं म्हणून सांगा. एकच पावसाळा. येत्या जानेवारीत कंपनीची माणसं चाचणीला येणार, त्यांचं एकदा ठरलं की मंग काय ते होऊ दे."

"आणि बसत नसलं तं?"

"कोण मरतं का? गाडी दोन मिनटं उशिरा जाईल. मुंबईची माणसं दोन मिनटं उशिरा पोचली तं त्यांचं काय जातं?"

"तसं नाय रं."

"मंग कसं हाय? हे रूळ माझ्या आज्याच्या आधीपासून हायत. कोणची गाडी आमच्याकडं बघून कधी हळू झाली? आता झाली तं तुमच्याच पोटात दुखतं."

तो उठला. जयमालाने चहा टाकला होता, तोही न घेता गेला. जयमाला कप हातात घेऊन दारात उभी राहिली.

"तू काय म्हणतेस?" काशीनाथने विचारलं.

"मी काय म्हणू? तुझं लोखंड तुला माहीत." तिने कप त्याच्यासमोर ठेवला. "जे हाय ते सांग. पण मंग माझ्या माहेरी जेवायला बसशील तेवा ताटाकडं बघ. माझ्याकडं बघू नको. मी काय तुला वाचवणार नाय."

भराव बसतो की नाही हे बघायची काशीनाथची एक रीत होती, गँगमधल्या सगळ्या जुन्या माणसांची असते ती. गाडी नाही अशी वेळ बघून रुळाशी वाकायचं, गाल जवळजवळ लोखंडाला लागेल इतकं, एक डोळा मिटायचा आणि रुळावरून लांब नजर टाकायची. कुठे झोळ असेल तर तो तिथेच कळतो, दोरीला पडतो तसा. मग बाजूला सरून गाडी येऊ द्यायची आणि ती जाताना स्लीपरांकडे बघायचं. खालची जमीन पोकळ असेल तर स्लीपर दबतात आणि उठतात, खडीतून राखाडी पाणी उडतं.

पहिल्या दिवशी रूळ सरळ होता. दुसऱ्या दिवशी सरळ. तिसऱ्या दिवशी कोळशाची लांब मालगाडी गेली, सगळ्यात जड. एक स्लीपर हलला नाही. खडी कोरडी. चौथ्या दिवशी तो दोनदा वाकला, एकदा जाताना आणि एकदा येताना.

पाचव्या दिवशी परतीला ऊन चढलं होतं. त्याने गाल खाली नेला, डोळा मिटला, आणि तळ्याच्या मध्यापाशी रूळ किंचित वाकलेला दिसला. त्याच्या छातीत एकदम हलकं झालं. बसतोय. अजून बसतोय. हाल्याला सांगता येईल, साहेबांना सांगता येईल, आणि खोटं काहीच नाही.

तो तिथपर्यंत चालत गेला. हात लावला. लोखंड तापलेलं होतं आणि सरळ होतं. मागे वळून बघितलं तर आता मागचा भाग वाकलेला दिसत होता. रूळ वाकलेला नव्हता, वर ऊन थरथरत होतं. उन्हाची ही थरथर त्याने हजारदा पाहिली होती, नव्या पोरांना शिकवली होती. दुपारच्या उन्हात रुळावर नजर लावायची नसते, हे सांगणारा तोच.

तो खाली उतरला आणि भरावाच्या कडेला खडीवर बसला. आपण चुकलो याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. माणूस चुकतो. पण रूळ वाकलेला दिसला आणि आपल्याला आनंद झाला, हे त्याला गिळता येईना. चाळीस वर्षांच्या आसपास तो रुळावर होता. आपल्या हद्दीत काही मोडलेलं असावं असं त्याला आजपर्यंत कधी वाटलं नव्हतं. समोर तळ्यात पोयणी मिटलेल्या होत्या. अकरा वाजून गेले होते.

उरलेले दिवसही तो वाकून बघत राहिला, सकाळच्या गार वेळी. सातव्या दिवशी काम संपल्यावर घरी न जाता तळेपाड्यावर गेला. मांडवात सात-आठ माणसं होती. हाल्या झावळ्या बांधत होता.

"उद्या मी साहेबांना सांगणार हाय," काशीनाथ म्हणाला. "भराव बसत नाय. पाटी निघंल. तुमाला दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून आलो."

बुधीबाईने विचारलं, "म्हणजे काचगाडी यायची नाय?"

"येईल, आजे. पण थांबल्यासारखी जायची नाय. बाकीच्या जातात तशी जाईल."

"मंग त्यांना माझे दात कसे दिसायचे?"

एरवी सगळे हसले असते. काशीनाथने खिशातली डबी काढून हाल्यापुढे धरली. हाल्याने डबीकडे बघितलं, हातातली दोरी ओढून गाठ पक्की केली आणि म्हणाला,

"नको. हाय माझ्याकडं."

काशीनाथने डबी परत खिशात ठेवली. जयमालाच्या माहेरी एका माणसाने दुसऱ्याची तंबाखू नाकारली, की आणखी काही बोलायची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं, "बसत नाय, साहेब. गाडी पुऱ्या वेगाने जाऊ द्या." साहेबांनी हात मिळवला. काशीनाथने मग शितलला फोन लावला. तिचा नंबर जयमालाने जुन्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता.

"काका, म्हणजे ती पाटी कायमची नव्हती?" सगळं ऐकून शितलने विचारलं.

"नाय. जमीन खचली होती म्हणून होती."

"आम्हाला वाटलं, रेल्वेने वळण म्हणून, किंवा... खरं सांगू? मी विचारलंच नाही. मला ती जागा इतकी आवडली होती की गाडी तिथे हळू होते हे मला बरोबरच वाटलं."

"गाडी बघायला हळू होत नाय, ताई. गाडी भिते म्हणून हळू होते. ती भीती घालवायला मला पगार हाय."

शितल म्हणाली, "मी आमच्या साहेबांना सांगते. बघू."

पाटी काढायला गँग आली तेव्हा काशीनाथ तिथेच होता. चिमणने खड्ड्यातून खांब उपटला, पाटी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "मामा, तुमच्याकडचं लंगडणं गेलं." थोड्या वेळाने वाणगावच्या बाजूने गाडी आली. नेहमीच्या जागी तिचा आवाज ओढला गेला नाही. ती सरळ गेली, एका दमात, आणि वाऱ्याने तळ्याच्या कडेची पानं उलटी झाली. काशीनाथने स्लीपरांकडे बघितलं. एकही हलला नाही. त्याला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याबद्दल घरी जाऊन कुणाला सांगता येणार नव्हतं.

कंपनीची माणसं जानेवारीत आली नाहीत. शितल मात्र एकटी येऊन पाड्यावर सांगून गेली, की आराखड्यातलं ते पान बदललं, आता सगळा भर घोलवडच्या समुद्राकडे आहे, आणि तेही कधी होईल सांगता येत नाही. तिने बुधीबाईला एक शाल दिली. हाल्याने तिला ताडगोळे बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत. मांडवाच्या निम्म्या झावळ्या पुढच्या पावसाआधी गोठ्यावर गेल्या. तळं साफ झालेलं होतं ते साफच राहिलं. त्यात हाल्याने माशांचं बी सोडलं.

हाल्या बहिणीकडे येत राहिला. दिवाळीला आला, रुचिता, काशीनाथची मुलगी, बाळंतपणाला आली तेव्हा आला. काशीनाथशी बोलायचाही, भाताबद्दल, पावसाबद्दल. पण डबी पुढे झाली की म्हणायचा, हाय माझ्याकडं. जयमालाने सांगितल्याप्रमाणे कुणालाच वाचवलं नाही. तळेपाड्यावर जेवायला बसलं की काशीनाथ ताटाकडे बघायचा.

२०१९च्या ऑक्टोबरअखेर तो निवृत्त झाला. गँगने हार घातला, नारळ दिला, साहेब दोन शब्द बोलले. हातोडा परत करताना त्याने दांडा तेलाने पुसून दिला. दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली आणि कुठे जायचं ते सुचेना. तो अंगणात खाली बघत फेऱ्या मारायला लागला.

"अंगणाच्या चाव्या पक्क्या हायत," जयमाला म्हणाली. "चल, वाणगावला जाऊ. मिरचीची रोपं आणायची हायत. गाडीने जाऊ."

"रिक्षा हाय की."

"गाडीने. जन्मभर तिच्या खालनं चाललास, एकदा वर बस."

त्यांनी सकाळची पॅसेंजर पकडली. डबा अर्धा रिकामा होता. जयमालाने तळ्याच्या बाजूची खिडकी धरली आणि काशीनाथला समोर बसवलं. गाडी सुटली. एकशेतेवीस. एकशेबावीस. तो ओठांत नंबर म्हणत होता. चालत जायला जिथे सकाळ लागायची, तिथे आता एकामागे एक खांब नुसते पडत होते. सुळका बघायचा हे त्याने घरूनच ठरवलं होतं. पण एकशेएकवीसचे खांब सुरू झाले आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. सगळं अंग पायांत उतरलं. अठरावा. सोळावा. चौदावा आला. खाली काही झालं नाही. ना झोळ, ना धक्का, ना चाकांचा बदललेला आवाज. जणू तिथे कधी काही खचलंच नव्हतं. मग बारावा, दहावा, आणि त्याने डोळे उघडले तेव्हा बाहेर भाताची कापलेली शेतं होती.

जयमाला अजून खिडकीला चिकटून मागे बघत होती.

"दिसलं?" त्याने विचारलं.

"दिसलं. पोयणी होत्या. बुधीआजी दारात होती, वाटतं. आणि हाल्या." ती सावरून बसली. "त्याला काल सांगून ठेवलं होतं मी, आमी या गाडीने जाणार म्हणून. काठावर येऊन उभा होता."

काशीनाथने खिशातली डबी चाचपली.

"हात केला त्यानं?"

जयमालाने जरा आठवून बघितलं.

"हात वर होता काय, नव्हता काय, तेवढं दिसलं नाय," ती म्हणाली. "गाडी जोरात होती."

काशीनाथने मान हलवली. गाडी जोरात होती. पुढे वाणगाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.